माझी लेक त्यांच्या आकड्यांत नव्हती: इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या शाळाप्रवेश सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

मी नर्स आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसावर मिरजेहून दक्षिण इंग्लंडमधल्या एका काउंटीत आले. सोबत नवरा आणि दोन मुलं. लेक तेव्हा साडेसात वर्षांची, मुलगा सव्वातीनचा. भाड्याचं घर मिळालं ते गावाच्या कडेला, शेतजमिनीवर नव्यानं उभ्या राहणाऱ्या वसाहतीत. एजंटनं नकाशावर एक हिरवा चौकोन दाखवून सांगितलं, इथे प्राथमिक शाळा होणार आहे. आमच्या दारापासून तो चौकोन पाच मिनिटांवर. एवढं ऐकून आम्ही घर पक्कं केलं. त्या चौकोनात पहिली घंटा वाजायला पुढे दोन वर्षं लागली, आणि ती वाजली तेव्हा माझ्या लेकीला तिचा उपयोग उरला नव्हता.

इथे येऊ घातलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांचे प्रश्न मला येतात: शाळा कशी मिळते, कौन्सिल (म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था) ऐकते का, फी किती. सरकारी शाळेला फी नाही, हे पहिलं. बाकीचं एका ओळीत सांगता येत नाही, म्हणून कौन्सिलच्या या सेवेबद्दल सविस्तर लिहिते. आमच्या कौन्सिलचं नाव घेत नाही. तिथली अर्ज हाताळणारी माणसं फार चांगली आहेत. ज्या गोष्टीनं आम्हाला त्रास झाला ती त्यांच्या टेबलावर घडलीच नव्हती, कितीतरी वर्षं आधी दुसरीकडे घडली होती.

आम्ही 9 ऑक्टोबरला उतरलो. 17 तारखेला, सोमवारी, मी लेकीचा अर्ज केला. वर्ष चालू असताना येणाऱ्या मुलांचा अर्ज वेगळा असतो, त्याला इथे 'इन-इयर' म्हणतात. काही ठिकाणी तो थेट शाळेत द्यावा लागतो, आमच्याकडे कौन्सिलच घेते. नियम असा की दहा शालेय दिवसांत उत्तर देण्याचा प्रयत्न करायचा आणि पंधरा दिवसांत ते दिलंच पाहिजे. शालेय दिवस हा शब्द नीट वाचा. मध्ये ऑक्टोबरची आठवडाभराची सुट्टी आली, तिचे दिवस धरले जात नाहीत. तोवर लेक घरात. मी ड्युटीवर, नवरा दोन्ही मुलांना घेऊन बागेत नाहीतर वाचनालयात. 10 नोव्हेंबरला, तेराव्या शालेय दिवशी, ईमेल आला. जवळच्या दोन्ही शाळांत इयर थ्रीचे, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांचे, वर्ग भरलेले. जागा होती ती तिसऱ्या शाळेत, चालत जाण्याच्या रस्त्यानं 3.4 मैलांवर.

त्या दिवशी मी कौन्सिलला फोन केला तेव्हा माझा आवाज चढला होता. पलीकडच्या बाई शांतपणे पंचवीस मिनिटं बोलल्या. मुलगी आठ वर्षांच्या आतली आहे आणि जागा असलेली सर्वांत जवळची योग्य शाळा दोन मैलांपेक्षा लांब आहे, तेव्हा येण्या-जाण्याची मोफत सोय करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर ती मर्यादा तीन मैल होते, आमची शाळा त्याहूनही लांब, त्यामुळे मार्चमध्ये वाढदिवस झाल्यावरही सोय बंद होणार नव्हती. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नसतं तर मी मागितलंही नसतं. त्या बाईंना माझे पैकीच्या पैकी गुण.

वाहतूक विभागाला मात्र तसे देता येत नाहीत. अर्ज झाल्यावर टॅक्सी सुरू व्हायला तीन आठवडे लागले. तोवर नवरा लेकीला दोन बस बदलून नेत होता, धाकट्याला कडेवर घेऊन, नोव्हेंबरच्या पावसात. एकदा दुसरी बस चुकली म्हणून तिघं परत घरी आले. ते तीन आठवडे त्याच्या नोकरीच्या शोधातून वजा झाले.

त्याच फोनवर मी विचारलं होतं, नवी वसाहत तुम्हीच मंजूर केलीत, मग मुलं येणार हे तुम्हाला कळलं कसं नाही? बाईंनी कबूल केलं की ते त्यांच्या विभागाचं काम नाही, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावरचा शाळांच्या जागांचा आराखडा वाचायला सुचवलं. सत्तर-ऐंशी पानांचा असेल. रात्रपाळीच्या पहाटेच्या शांत तासात मी तो तीन रात्रींत वाचून काढला. कौन्सिलच्या सगळ्या सेवेत मला सर्वांत मोलाचं काही वाटलं असेल तर तो दस्तऐवज. साध्या इंग्रजीत आहे, प्रत्येक भागाचे आकडे उघडे मांडलेले आहेत आणि कुठे जागा कमी पडतील हेही लपवलेलं नाही.

1996 च्या शिक्षण कायद्याचं चौदावं कलम स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आमच्याकडे काउंटी कौन्सिलवर, आपल्या हद्दीत पुरेशा शाळा असतील हे बघण्याची जबाबदारी टाकतं. त्यासाठी कौन्सिल दरवर्षी शिक्षण खात्याला कळवते की कुठल्या शाळेत किती मुलं मावतात आणि पुढे किती येतील. प्राथमिकचा अंदाज पाच वर्षांचा, माध्यमिकचा सात वर्षांचा. आधार असतो जन्मनोंदींचा, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नोंदवलेल्या लहान मुलांचा, आणि मंजूर झालेल्या नव्या घरांचा. नव्या शंभर घरांतून साधारण किती मुलं निघतात याचंही प्रमाण प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवते. त्या अंदाजाला आहे त्या जागांशी ताडून तूट दिसली तर खातं 'बेसिक नीड' नावाचं भांडवली अनुदान देतं. हिशेबात दोन टक्के जास्तीच्या जागा धरतात, म्हणजे थोडी हलायला जागा राहते. साठ मुलांच्या एका इयत्तेत दोन टक्के म्हणजे जेमतेम एक मूल. आमच्यासारखी तीन कुटुंबं एका महिन्यात आली की संपलं.

आणि आम्ही तर कुठल्याच रकान्यात नव्हतो. लेक मिरजेत जन्मली, इंग्लंडच्या जन्मनोंदीत ती असणं शक्यच नव्हतं. जीपीकडे नाव नोंदवायला मी, स्वतः नर्स असून, सहा आठवडे लावले, कारण कोणी आजारी नव्हतं. ज्या घरात आम्ही राहायला आलो ते हिशेबात होतं, पण त्यातून निघणारं मूल हळूहळू जन्माला येईल, चार वर्षांनी रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जाईल असं धरलेलं. साडेसात वर्षांचं मूल बॅगेसह दारात उभं राहील असं नाही. त्या वर्षी असे आम्हीच नव्हतो. युक्रेनहून आलेली कुटुंबं होती, हाँगकाँगहून आलेली होती, केरळच्या माझ्या चार सहकारी होत्या.

रविवारी अण्णांना, माझ्या वडिलांना, फोनवर हे सांगितलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं होते, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पट कुठल्या तारखेचा धरतात?"

मी शोधलं. इंग्लंडमध्ये शाळांची गणना ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होते. 2022 मध्ये तो गुरुवार 6 तारखेला होता. आम्ही उतरलो 9 ला.

"म्हणजे संचमान्यताच की गं," अण्णा म्हणाले. आपल्याकडे 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं मंजूर होतात, तारखेनंतर आलेलं मूल शाळेत बसतं पण शिक्षकाच्या हिशेबात नसतं. त्यांनी आयुष्यभर तो सप्टेंबर अनुभवला होता. ऊसतोडीला निघणाऱ्या आई-बापांना दिवाळीपर्यंत तरी मुलं ठेवा म्हणून विनवण्या करणं, नंतर परतलेल्या मुलांना पटावर घेणं. 2011 च्या ऑक्टोबरातली राज्यभरची पटपडताळणीही त्यांनी पाहिली होती. आता ते मला इंग्लंडच्या शाळेचा हिशेब समजावून सांगत होते.

तो हिशेब असा. शाळेला मुलामागे मिळणारा मूळ निधी आदल्या ऑक्टोबरच्या गणनेवर ठरतो. कौन्सिलच्या शाळांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. म्हणजे 6 ऑक्टोबर 2022 च्या आकड्यावर एप्रिल 2023 ते मार्च 2024 चे पैसे. माझी लेक त्या आकड्यात नव्हती. सप्टेंबर 2023 मध्ये तिला जवळची शाळा मिळाली, ती कशी ते पुढे सांगते, आणि 5 ऑक्टोबर 2023 च्या गणनेत ती नव्या शाळेच्या पटावर होती. दूरच्या त्या शाळेनं तिला नोव्हेंबर ते जुलै शिकवलं. इंग्रजीसाठी रोज वीस मिनिटं एक सहायक शिक्षिका तिच्याबरोबर बसायची. सुरुवातीचे दोन महिने ती जेवायच्या सुट्टीत एकटी बसते हे वर्गशिक्षिकेनंच ओळखलं आणि दोन मुलींना तिच्यासोबत खेळायला नेमून दिलं. या सगळ्यासाठी तिच्या नावावर त्या शाळेला मूळ निधीतून एक पेनी मिळाली नाही. हे कळल्यावर मी त्या शाळेत पेढे घेऊन गेले होते. याहून जास्त काय करू शकणार होते?

म्हणून ज्यांना सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येणं शक्य आहे त्यांना मी सांगते, पहिल्या गुरुवारच्या आत मूल शाळेत बसेल असं बघा. तुमच्या प्रवेशात त्यानं फरक पडेल असं नाही. शाळेला पडेल.

आता प्रतीक्षा यादी. जवळच्या शाळेच्या यादीत लेकीचा क्रमांक नोव्हेंबरात चौथा होता. जानेवारीत विचारलं तर सातवा. माझा पहिला संशय तोच, जो तुमच्या मनात येईल. पण यादी अर्जाच्या तारखेनं लागत नाही, कोणाच्या ओळखीनं तर नाहीच. ती प्रवेशाच्या प्राधान्यक्रमानं लागते: आधी सरकारच्या देखरेखीखाली वाढणारी मुलं, मग त्याच शाळेत भाऊ-बहीण असलेली, मग अंतर. आमच्या मागाहून तीन कुटुंबं शाळेच्या जास्त जवळ राहायला आली, आम्ही खाली गेलो. मला विचाराल तर ही पद्धत योग्य आहे. त्रासदायक आहे, पण योग्य आहे. अंतर मोजतानाही लक्ष द्या. आमच्याकडे प्रवेशासाठी हवाई रेषेत मोजतात, मोफत वाहनासाठी चालायच्या रस्त्यानं. त्या दूरच्या शाळेचं हवाई अंतर 2.6 मैल होतं आणि रस्त्यानं 3.4, मध्ये रेल्वेरूळ असल्यामुळे.

मुलाचा प्रवेश नेहमीच्या फेरीतला होता. रिसेप्शनसाठी 15 जानेवारीपर्यंत अर्ज, निकाल 16 एप्रिलला. 2023 मध्ये 16 ला रविवार आला म्हणून 17 ला. तीन शाळा क्रमानं लिहायच्या. इथे सगळ्या मराठी घरांत एक समज ऐकला, की पहिल्या क्रमांकाला अवघड शाळा लिहिली तर दुसरी शाळा रागावते. असं काही नाही. तुम्ही कितव्या क्रमांकाला लिहिलं हे शाळेला कळत नाही, प्रत्येक शाळेच्या निकषांवर तुम्ही स्वतंत्र तपासले जाता आणि जिथे जिथे बसता त्यातली तुमची सर्वांत वरची निवड दिली जाते. मनापासून हवी ती शाळा पहिली लिहा. फक्त एक जवळची, नक्की मिळेल अशी, शेवटी ठेवा. ती रिकामी सोडलीत तर उरलेल्या जागांतली कुठलीही पदरात पडते.

जवळच्या शाळेची प्रवेशसंख्या 60. त्या वर्षी अर्ज त्याहून खूप जास्त आले. आता कायद्यानं रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं चालतात. एकसष्टावं मूल घ्यायचं तर एक अख्खा वर्ग, एक शिक्षक आणि एक खोली लागते. कौन्सिलनं तेच केलं. एका वर्षापुरती तीस मुलांची जादा तुकडी, तिला इथे 'बल्ज क्लास' म्हणतात, आणि खेळाच्या मैदानाच्या कोपऱ्यात तयार खोल्या क्रेननं आणून ठेवल्या. शिक्षकाच्या पगाराचे पहिले महिने कौन्सिलच्या वाढीसाठी राखलेल्या निधीतून, कारण गणनेचे पैसे पुढच्या एप्रिलपर्यंत येणार नव्हते. तो निर्णय फेब्रुवारीत झाला, एप्रिलच्या निकालाआधी, आणि त्यामुळे माझ्या मुलाला पहिली निवड मिळाली. तो सप्टेंबरात शाळेत गेल्याबरोबर लेक 'भाऊ त्याच शाळेत' या गटात वर आली. सुट्टीत दोन मुलं गाव सोडून गेली होती. आठवड्याभरात तिला जागा मिळाल्याचा ईमेल आला. त्या संध्याकाळी आम्ही चौघं नुसते घरापासून शाळेपर्यंत चालत जाऊन आलो. अठरा मिनिटं लागली.

इतकं झाल्यावर तक्रार कसली, असं माझा नवरा म्हणतो. माझी तक्रार त्या हिरव्या चौकोनाबद्दल आहे.

2023 च्या वसंतात नव्या शाळेबद्दल गावसभेसारखी बैठक झाली, समाजमंदिराच्या हॉलमध्ये. मी ड्युटी बदलून गेले. शाळांच्या जागांचं नियोजन करणारा अधिकारी नकाशा घेऊन आला होता. त्यानं जे सांगितलं त्यावरून मला चित्र लागलं. आमच्या भागात दोन थरांची स्थानिक व्यवस्था आहे. घरांना परवानगी बरो कौन्सिल देते, शाळा बघते काउंटी कौन्सिल. परवानगी देताना बिल्डरशी करार होतो, 1990 च्या नगररचना कायद्यातल्या कलमावरून सगळे त्याला 'सेक्शन 106' म्हणतात. आमच्या करारात बिल्डरनं दोन हेक्टर जमीन आणि इमारतीसाठी पैसे द्यायचे होते. पण कधी? घरांत माणसं राहायला आल्यावर, टप्प्याटप्प्यानं. ठरावीक संख्येनं घरं भरली की पहिला हप्ता, आणखी भरली की जमीन. सप्टेंबर 2022 मध्ये लंडनला लिझ ट्रस सरकारचा, कर्ज काढून करकपात करणारा छोटा अर्थसंकल्प मांडला गेला, गृहकर्जाचे व्याजदर उसळले, घरं विकली जाईनात. बिल्डरनं बांधकाम मंद केलं. करारातली संख्या तोवर गाठलीच गेली नव्हती, तेव्हा जमीनही नाही, हप्ताही नाही. आधीच भरलेल्या घरांतली मुलं मात्र मोठी होतच होती.

कौन्सिलला कर्ज काढून आधी बांधता आलं असतं, नंतर बिल्डरकडून वसूल करता आलं असतं. मी उभी राहून तेच विचारलं. अधिकाऱ्यानं दिलेलं उत्तर मला पटलं नाही, पण ते प्रामाणिक होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012 साली 7,29,674 मुलं जन्मली, त्यानंतर आकडा उतरत गेला. (2023 मध्ये तो 5,91,072 झाला.) लवकर बांधलेली शाळा अर्धी रिकामी राहिली तर? निधी मुलामागे येतो. अठरा मुलांच्या वर्गाला शिक्षकाचा पगार तीस मुलांइतकाच लागतो. शिवाय नवी शाळा जुन्या शाळांतली मुलं ओढते, त्याही डळमळतात. लंडनमध्ये तर हे घडतंच आहे. हॅकनीत 2024 साली प्राथमिक शाळा बंद झाल्या, पटच उरला नाही म्हणून. एकाच देशात एका कौन्सिलला शाळा बंद कराव्या लागतात आणि सत्तर मैलांवरच्या दुसरीला मैदानात खोल्या ठेवाव्या लागतात. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आपल्याकडं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या म्हणतात, आणि शहराच्या कडेला नव्या टाउनशिपच्या पोरांना शाळा नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओळख होती.

आणखी एक गाठ. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे नवी शाळा लागली तर कौन्सिलला ती स्वतः सहसा काढता येत नव्हती. आधी शाळा चालवणाऱ्या बाहेरच्या ट्रस्टकडून प्रस्ताव मागवायचे, आणि शाळा कोणी चालवायची हे शिक्षणमंत्र्यांच्या वतीनं ठरायचं. जमीन आणि इमारत कौन्सिलनं द्यायची. माध्यमिक शाळांपैकी पाचातल्या चार आता अकॅडमी, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्टनं चालवलेल्या सरकारी शाळा, आहेत, त्यांना प्रवेशसंख्या वाढवा असा हुकूम कौन्सिलला देता येत नाही, विनंती करावी लागते. म्हणजे पुरेशा शाळांची जबाबदारी काउंटीवर, घरांची परवानगी बरोच्या हातात, पैसे बिल्डर आणि शिक्षण खात्याकडे, वर्ग वाढवायचा की नाही हे ट्रस्टच्या मनावर. त्या बैठकीपर्यंत मी कौन्सिलवर चिडलेली होते. त्यानंतर माझा राग करारातल्या एका वाक्यावर येऊन थांबला, ज्यात 'घरं भरल्यावर' असं लिहिलं होतं. ते वाक्य मान्य करताना टेबलाभोवती शिकलेली माणसं बसली होती. घराचा पाया खणल्यावर असं लिहिता आलं असतं. ठरावीक तारीख घालता आली असती, घरं विकली जावोत वा न जावोत. हे मी कौन्सिलला लेखी कळवलं आहे. उत्तर आलं, की पुढच्या करारांत तारखेचाही विचार करू. मी दरवर्षी विचारत राहणार आहे.

नवी शाळा सप्टेंबर 2024 मध्ये उघडली. सुंदर आहे, मोठ्या खिडक्या, मागे ओढा. पण नवी शाळा खालून भरत जाते. पहिल्या वर्षी फक्त रिसेप्शनची तीस मुलं. माझी लेक तोवर इयर फाइव्हमध्ये. मुलगा इयर वनमध्ये, तोही तिथे बसू शकत नव्हता. पाच मिनिटांवरची शाळा ओलांडून आम्ही अजूनही अठरा मिनिटं चालतो.

घर बघताना एजंटच्या नकाशावर विश्वास ठेवू नका. कौन्सिलच्या प्रवेश पुस्तिकेत प्रत्येक शाळेसमोर गेल्या वर्षी शेवटच्या मुलाला किती अंतरावर जागा मिळाली तो आकडा असतो, तो बघा. नवी वसाहत असेल तर कौन्सिलचा पायाभूत सुविधांचा निधी अहवाल दरवर्षी 31 डिसेंबरच्या आत प्रसिद्ध होतो, त्यात बिल्डरकडून शाळेसाठी किती पैसे ठरले आणि किती आले हे कळतं. आमचा अहवाल मी घर घेण्याआधी वाचला असता तर शाळेच्या रकान्यात 'आले' खाली शून्य दिसलं असतं. उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांची नावं जीपीकडे घाला, ताप येण्याची वाट बघू नका. आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक नव्या भारतीय कुटुंबाला मी स्वतः घेऊन जाते, गेल्या वर्षी अकरा कुटुंबं झाली. त्यानं त्यांना लगेच जागा मिळत नाही हे मी आधीच सांगते. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात ती मुलं दिसतात.

गुणच द्यायचे तर अर्ज हाताळणाऱ्या विभागाला पाचपैकी पाच. आराखड्याला साडेचार, वाहतुकीला दोन. नव्या वसाहतीच्या नियोजनाला एक, आणि तो एकही त्या अधिकाऱ्याला, जो रात्री नऊपर्यंत हॉलमध्ये थांबून प्रत्येकाला उत्तर देत होता.

लेक आता इयर सिक्समध्ये आहे. माध्यमिकच्या अर्जाची मुदत 31 ऑक्टोबर, काल रात्री आम्ही तिच्याबरोबर बसून तिन्ही नावं भरली. नंतर मी कौन्सिलच्या संकेतस्थळावर 2019 चा जुना आराखडा शोधून काढला. माध्यमिकचा अंदाज सात वर्षांचा, म्हणून शेवटचा रकाना 2026 चा, आणि त्यातली माध्यमिकच्या पहिल्या इयत्तेची ओळ तिच्याच वयाच्या मुलांची. आमच्या भागासमोर एक आकडा आहे. तो छापला तेव्हा लेक मिरजेत बालवाडीत होती, अण्णा तिला सायकलवर सोडायचे. या वर्षीच्या आराखड्यात त्याच मुलांचा आकडा 43 नं जास्त आहे. मी दोन्ही पानांचे फोटो अण्णांना पाठवले. त्यांनी चष्मा लावून बघितले असावेत, कारण उत्तर यायला वेळ लागला: "यातली एक आपली."